चेंडू मध्ये ठेव

इन्स्ट्रक्टर म्हणून माझ्या पहिल्या वर्षात माझा उजवा पाय विमानात नेमकं काय करत असायचा, हे दुसऱ्या कुणी विचारेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

शिकवायच्या बहुतेक लहान विमानांत शेजारीशेजारी दोन जागा असतात. डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे शिकवणारा. दोघांच्या हाताशी कंट्रोल, दोघांच्या पायाशी रडरची, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूची, पेडल्स. ही पेडल्स आतून जोडलेली असतात. एकाने दाबलं की दुसऱ्याचंही हलतं. समोरच्या पॅनेलवर एक किंचित वाकलेली काचेची नळी असते, तिच्यात द्रव आणि त्या द्रवात एक काळा चेंडू. विमान आपल्या नाकाच्या रेषेत नीट उडत असलं की चेंडू दोन रेघांच्या मधोमध बसतो. विमान आडवं सरकायला लागलं की तोही बाजूला जातो. त्याला वीज लागत नाही, त्याला सेटिंग नसतं, तो बिघडल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. अख्ख्या कॉकपिटमध्ये माझा सगळ्यात जास्त विश्वास त्या चेंडूवर आहे.

टेकऑफनंतर पूर्ण ताकद लावून विमान वर चढतं तेव्हा त्याचं नाक डावीकडे ओढलं जातं. प्रोपेलरने मागे फेकलेली हवा पीळ घेत शेपटीच्या उभ्या पंखावर डाव्या बाजूने आदळते. शिवाय नाक वर असल्यामुळे प्रोपेलरचं खाली येणारं, उजव्या बाजूचं पातं जास्त जोर लावतं. दोन्हींचा परिणाम एकच. म्हणून चढताना उजवं पेडल दाबून धरायचं असतं, फार नाही, चेंडू मध्ये येईल इतकंच. सांगायला हे एक वाक्य आहे. विद्यार्थ्याच्या पायात उतरायला मात्र आठवडे लागतात.

माझ्या हाताखाली तेव्हा एक मुलगा होता. वेळेच्या आधी येणारा, चेकलिस्ट तोंडपाठ असूनही प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचणारा. बारा-तेरा तासांत त्याचं लँडिंग बसायला लागलं. त्याच्या ट्रेनिंग रेकॉर्डमध्ये मी सलग सहा सॉर्टी, म्हणजे सहा उड्डाणं, ‘क्लाइंब : चांगला’ असं लिहिलं आणि सोलोआधीच्या, म्हणजे एकट्याने उडण्याआधीच्या, चेकसाठी त्याला चीफ इन्स्ट्रक्टरकडे पाठवून दिलं. चेकला साधारण पाऊण तास लागतो. ते दोघं वीस मिनिटांत परत आले.

सरांनी त्याला आत बसायला सांगितलं आणि मला बाहेर बोलावलं. आवाज चढलेला नव्हता.

“चढताना तुझे पाय कुठे असतात?”

“पेडल्सवर, सर. नुसते टेकवलेले.”

“उद्या त्याच्याबरोबर जा. दोनशे-तीनशे फूट झाले की दोन्ही पाय मागे घे, सीटखाली. आणि तोंडातून शब्द काढू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी तसं केलं. पाय मागे घेतल्यावर पाचेक सेकंदांत चेंडू उजवीकडे निघाला. आधी रेघेला लागला, मग रेघ ओलांडून अर्धा बाहेर गेला, मग पूर्ण बाहेर. विमानाचं नाक हळूहळू डावीकडे वळत होतं. मुलगा मात्र समोर बघत होता, चेहरा अगदी निवांत. वेग बरोबर होता, नाकाची उंची बरोबर होती, आणि चेंडूकडे त्याचं लक्षच नव्हतं. असणार कसं? त्याच्या आयुष्यातल्या प्रत्येक क्लाइंबमध्ये तो चेंडू न सांगता मध्ये राहिला होता. सहा वेळा मी ‘चांगला’ लिहिलं होतं, ते सगळं माझ्याच पायाबद्दल होतं.

खाली आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मॅडम, मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?”

त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला देण्याइतकं धैर्य त्या दिवशी माझ्यात नव्हतं. “माझ्या लक्षात आलं नाही,” एवढंच मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. ती माझी बहुधा त्या दिवसातली चौथी किंवा पाचवी सॉर्टी असायची. बोलायचं म्हणजे हेडसेटमधून, इंजिनाच्या आवाजावर, रेडिओच्या मधल्या फटीत बोलायचं. मग तो पेडल जास्त दाबणार, विमान झोकांडी खाणार, मग पुन्हा सांगायचं. पाय दाबणं त्यापेक्षा कितीतरी सोपं होतं. आणि खोलात एक गोष्ट होती, जी मला आज स्वच्छ दिसते. त्याला काय येतं यापेक्षा आज माझ्या लॉगबुकात किती तास चढले, याच्याकडे माझं जास्त लक्ष होतं. रात्री झोपण्यापूर्वी मी बेरीज करायचे.

तासांची ही भूक बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. कमर्शियल लायसन्स हातात येतं तेव्हा पायलटच्या नावावर साधारण दोनशे ते अडीचशे तास असतात. एअरलाइनला त्याहून जास्त हवे असतात. मधलं अंतर भरायला विमान लागतं, आणि विमानाचा खर्च कुणाच्या तरी खिशातून जावा लागतो. इन्स्ट्रक्टर झालं की तो खर्च विद्यार्थी करतो आणि तास दोघांच्याही लॉगबुकात चढतात. त्यामुळे जगभर असंख्य पायलट शिकवायला येतात ते शिकवण्यासाठी नाही. त्यांच्यातलीच मी एक होते. यात मला गुन्हा दिसत नाही. पुढे जायचा रस्ता तिथूनच जात असेल तर माणूस तिथूनच जाणार.

अमेरिकेत तर हा रस्ता कायद्यानेच लांब करून ठेवला आहे. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री कोल्गन एअरचं फ्लाइट ३४०७, बंबार्डिए क्यू-४०० जातीचं विमान, बफेलो विमानतळाकडे उतरताना एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, अशी ५० माणसं गेली. वेग घटत गेला, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटत असल्याची, सूचना म्हणून कंट्रोल हातात थरथरू लागला, आणि कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी कंट्रोल मागे ओढला. मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथल्या एअरलाइनमध्ये को-पायलटलाही सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात. काही ठरावीक शिक्षणक्रमांतून किंवा लष्करातून आलेल्यांना त्यात सूट आहे. गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की त्या कॉकपिटमधल्या दोघांच्याही नावावर १,५०० पेक्षा बरेच जास्त तास होते. कॅप्टनचे तीन हजारांवर, को-पायलटचे दोन हजारांवर.

मी त्या अपघाताचा तपास अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी एकाच जागी अडखळते. त्या काळात स्टॉलचा सराव आणि परीक्षा कशी होत असे? विमान स्टॉलच्या उंबरठ्यावर न्यायचं, सूचना मिळताच ताकद लावायची, आणि उंची कमीत कमी गमवायची. उंची राखली की पास. साहजिकच शिकणारा नाक फारसं खाली सोडत नसे. स्टॉल होतो तो पंखावर येणाऱ्या हवेचा कोन फार वाढल्यामुळे, आणि तो कोन नाक खाली केल्यानेच कमी होतो. तरी परीक्षेने वर्षानुवर्षं उलट सवयीला गुण दिले. अपघातानंतर, २०१२ मध्ये, अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मार्गदर्शनच बदललं. आधी नाक खाली, बाकी सगळं नंतर, उंची गेली तरी चालेल. अनेक देशांत आता असंच शिकवतात. त्या एका चुकीच्या निकषाखाली किती इन्स्ट्रक्टर मन लावून शिकवत होते याचा विचार केला की माझ्या अंगावर काटा येतो. ते कामचुकार नव्हते. त्यांना जे मोजायला दिलं ते त्यांनी नीट मोजलं.

म्हणून ‘स्टँडर्ड’ हा शब्द कुणी सहज वापरला की मला थांबून विचारावंसं वाटतं, कुठलं? छापील स्टँडर्ड आहेच. अमेरिकेच्या खासगी पायलटच्या परीक्षेत तीव्र वळण घेताना उंची शंभर फुटांपेक्षा जास्त वर-खाली होता कामा नये, वेग दहा नॉटच्या आत, बाहेर पडताना दिशा दहा अंशांच्या आत. बाकी ठिकाणीही थोड्याफार फरकाने असंच. परीक्षक एक दिवस येतो आणि हे तपासतो. पण विद्यार्थी परीक्षकाबरोबर दीड-दोन तास उडतो आणि इन्स्ट्रक्टरबरोबर कित्येक महिने. त्या महिन्यांत खरं स्टँडर्ड ठरतं ते एका अगदी घरगुती शब्दाने : ‘चालेल’. सेंटरलाइनच्या थोडं डावीकडे टेकलं, चालेल. वेग पाच नॉट जास्त, चालेल. चेंडू अर्धा बाहेर, चालेल. आपण तोंडाने काही बोलत नाही, नुसतं पुढच्या कामाला लागतो, आणि विद्यार्थ्याला कळतं की इथपर्यंत चालतं. विद्यार्थी आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या गप्प बसण्यातून जास्त शिकतात.

आणि एकदा बसलेलं निघत नाही. इन्स्ट्रक्टरच्या अभ्यासक्रमातच हे शिकवतात, की पहिल्यांदा जसं शिकलं तसंच पक्कं होतं, म्हणून पहिल्यांदाच बरोबर शिकवा. मी ते उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवले होते. त्या मुलाचा पाय सुधारायला चार सॉर्टी गेल्या आणि त्याच्या घरच्यांचे पैसे गेले. शांत हवेत तो नीट करायचा. मग रेडिओवर बोलावं लागलं, समोर दुसरं विमान दिसलं, जरा घाई झाली, की पाय पुन्हा झोपायचा. घाईत माणूस पहिल्या सवयीकडेच पळतो.

पैशाबद्दलही बोलायला हवं, कारण प्रेरणेवरच्या भाषणांत तेच वगळलं जातं. बऱ्याच फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टरचा मोबदला इंजिन चालू असलेल्या वेळेवर मोजतात. पॅनेलवर एक मीटर असतो, इंजिन सुरू झालं की तो फिरतो, बंद केलं की थांबतो. उड्डाणाआधी फळ्यावर वारा, वळणं, चुका काढून दाखवण्यात गेलेल्या अर्ध्या तासाला आणि उतरल्यावर ‘कुठे काय झालं’ हे शांतपणे उलगडण्यात गेलेल्या वीस मिनिटांना काही मिळत नाही, किंवा नावापुरतं मिळतं. मग ब्रीफिंग विमानाकडे चालत जाता जाता उरकलं जातं, आणि डीब्रीफिंग म्हणजे “बरं झालं आज, उद्या लवकर ये.” शिकवणं मात्र त्या दोन ठिकाणीच होतं. हवेत कान इंजिनाने भरलेले, डोळे बाहेर, हात गुंतलेले, आणि दर मिनिटाला विद्यार्थ्याचे पैसे जात असलेले. शिकण्यासाठी याहून वाईट वर्ग कुठला असेल? जमिनीवर समजलेलं हवेत फक्त करून बघायचं असतं. आपण उलटं करतो, आणि मग पोराला म्हणतो, तुझं लक्ष नसतं.

इतकं लिहिल्यावर असं वाटेल की तासांसाठी शिकवणारे वाईट आणि आवडीने शिकवणारे चांगले. मलाही बरीच वर्षं तसं वाटे. पण मी पाहिलेला सगळ्यात चांगला इन्स्ट्रक्टर अकरा महिन्यांत एअरलाइनमध्ये निघून गेला. त्याने कधी लपवलं नाही की तो तासांसाठी आला आहे. तरी प्रत्येक सॉर्टीआधी तो विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवून डोळे मिटायला लावायचा आणि अख्खं सर्किट, म्हणजे टेकऑफपासून लँडिंगपर्यंतची रनवेभोवतीची फेरी, तोंडाने उडवायला सांगायचा. “आता काय दिसतंय? डावा हात कुठे? पाय?” विद्यार्थी जिथे अडखळायचा तिथेच त्या दिवसाचा धडा असायचा. दुसरीकडे, हजारो तास शिकवलेले एक ज्येष्ठ इन्स्ट्रक्टर होते, ज्यांना कुठेच जायचं नव्हतं. ते नुसत्या पाट्या टाकायचे. विद्यार्थी थोडा चुकला की “आय हॅव कंट्रोल” म्हणून विमान हातात घ्यायचे, आणि उतरेपर्यंत परत द्यायचे नाहीत. त्यांच्या हाताखालची मुलं विमानापेक्षा त्यांनाच जास्त घाबरायची. आवडीनेही माणूस गंजतो आणि गरजेनेही माणूस उत्तम शिकवतो. त्यामुळे इन्स्ट्रक्टर का आला, हे विचारणं मी सोडून दिलं. तो काम करत असताना त्याच्याकडे कोण बघतंय, हे मी विचारते.

माझ्याकडे सर बघत होते. ते चीफ इन्स्ट्रक्टर होते आणि चेकच्या उड्डाणात पाय सीटखाली घेऊन बसण्याची त्यांची पद्धत होती, एवढ्यानेच माझी चूक सापडली. घाईतला दुसरा कुणी असता तर त्याचाही पाय नकळत पेडलवर गेला असता आणि तो मुलगा वाकड्या क्लाइंबसकट पास झाला असता.

हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिकवणं हे थकलेल्यांचं काम होतं. आघाडीवर मन मोडलेल्या पायलटांना विसावा म्हणून शाळेवर धाडत. त्यांना तिथे असायचं नव्हतं. ते विद्यार्थ्यांना ‘हून’ म्हणत, म्हणजे शत्रूला शिवी म्हणून वापरायचा तोच शब्द, कारण विद्यार्थी आपला जीव घेईल अशी त्यांना धास्ती होती. मग शिकवणारा कंट्रोल सोडेना, आणि शिकणाऱ्याच्या हाताला काही लागेना. १९१६ मध्ये ६० स्क्वाड्रनचे प्रमुख रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांच्याकडे फ्रान्समध्ये असे कच्चे पायलट येऊ लागले, आणि लढायला पाठवायच्या आधीच मरतील अशी त्यांची अवस्था होती. स्मिथ-बॅरींनी वरिष्ठांकडे पत्रांतून तक्रारी केल्या, आणि शेवटी त्यांनाच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉस्पोर्टला शाळा चालवायला दिली.

१९१७ मध्ये त्यांनी तिथे जे केलं त्याचा पाया आजही आपल्या कामाखाली आहे. अॅव्हरो ५०४ विमानाला दोघांसाठी कंट्रोल. पुढे एकट्याने ज्या जागेवरून उडायचं त्याच जागेवर विद्यार्थी. दोघांत बोलायला रबरी नळी, जिला पुढे गॉस्पोर्ट ट्यूब हेच नाव पडलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, धोक्यापासून लांब ठेवण्याऐवजी धोक्यातून बाहेर कसं यायचं ते शिकवायचं. स्पिन, म्हणजे स्टॉल होऊन गिरक्या घेत खाली पडणं, आडव्या वाऱ्यातलं लँडिंग, तीव्र वळणं, सगळं इन्स्ट्रक्टर सोबत असताना मुद्दाम करून घ्यायचं. हे सगळं लोकांना माहीत असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्याही आधीचं पाऊल. स्मिथ-बॅरींनी आधी इन्स्ट्रक्टर घडवले. त्यांच्यासाठी वेगळा कोर्स केला, त्यांना कसब दिलं, आणि कसबाबरोबर अभिमान दिला. जे काम कालपर्यंत शिक्षेसारखं होतं, ते मिळावं अशी धडपड होऊ लागली.

ब्रिटिश हवाई दलाने हे पुढेही जपलं. त्यांचं सेंट्रल फ्लाइंग स्कूल १९१२ मध्ये सुरू झालं आणि इन्स्ट्रक्टर घडवणं हेच त्याचं काम होऊन बसलं. तिथे इन्स्ट्रक्टरला श्रेणी असते. नवा आला की बी-२, मग बी-१, मग ए-२, आणि ए-१ फार थोड्यांच्या वाट्याला येतं. त्या शाळेचे परीक्षक युनिटांना भेट देऊन इन्स्ट्रक्टरांनाच तपासतात. हवाई दलात त्यांना ‘ट्रॅपर’ म्हणतात, म्हणजे सापळा लावणारे. हे नाव भीतीतून आलं असेल, पण विचार करा, वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसालाही कुणीतरी येऊन विचारतं की तुझे पाय कुठे असतात. नागरी क्षेत्रात युरोपमध्ये नव्या इन्स्ट्रक्टरवर बंधनं असतात. शंभर तास शिकवून आणि विद्यार्थ्यांच्या पंचवीस सोलो उड्डाणांवर देखरेख करून झाल्याशिवाय तो स्वतःच्या जबाबदारीवर कुणाचं पहिलं सोलो हाताळू शकत नाही. मला हा नियम फार आवडतो. माझ्या पहिल्या शंभर तासांत असा नियम असता तर मला त्याचा राग आला असता, हेही खरं.

बऱ्याच फ्लाइंग स्कूलमध्ये मात्र शिकवण्याच्या कामाला स्वतःची शिडीच नाही. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर, शेवटच्या दिवशी इन्स्ट्रक्टर. वर जायचं म्हणजे सोडून जायचं. अशा कामात माणूस घड्याळाकडे बघणारच. पण शिडी थोडीशी लावता येते. चीफ इन्स्ट्रक्टरने महिन्यातून एकदा मागच्या सीटवर बसावं. दोन इन्स्ट्रक्टरांनी एकमेकांचे विद्यार्थी अधूनमधून बदलून बघावेत. जमिनीवरच्या तासाचे पैसे द्यावेत. यांतली पहिली गोष्ट आम्ही सरांच्या काळात करत होतो. तिसरी कधीच झाली नाही, आणि त्याची मला अजून खंत आहे.

त्या चेंडूसाठी एवढा आटापिटा का, असं एका नव्या इन्स्ट्रक्टरने मला मध्यंतरी विचारलं. क्लाइंबमध्ये अर्धा चेंडू बाहेर गेल्याने कुणी मरत नाही, तो म्हणाला. बरोबर आहे. क्लाइंबमध्ये बहुधा नाही मरत. मी त्याला फळ्यापाशी नेलं.

उतरताना सर्किटचं शेवटचं वळण असतं, बेसवरून, म्हणजे रनवेला काटकोनात असलेल्या टप्प्यावरून, फायनलवर, रनवेच्या रेषेत येण्याचं. उंची साधारण पाचशे फूट. समजा सर्किट डावीकडचं आहे आणि बेसवर वारा पाठीमागून ढकलतोय. वळण सुरू करायला जरा उशीर झाला, आणि रनवेची रेषा पुढ्यातून निसटून डावीकडे जायला लागली. आता विमान आणखी तिरकं करून वळायला हवं, पण जमीन जवळ दिसत असते आणि तिरकं व्हायची भीती वाटते. मग पाय मदतीला धावतो. डावं पेडल दाबलं की नाक रनवेकडे फिरतं, छान वाटतं. पण उजवा पंख आता डाव्यापेक्षा वेगाने फिरतोय, म्हणून विमान डावीकडे आणखी कलंडू लागतं. ते थांबवायला हात कंट्रोल उजवीकडे नेतो. नाक खाली पडू लागतं, म्हणून तोच हात मागे ओढतो. आता चेंडू नळीच्या उजव्या टोकाला जाऊन बसलाय आणि कुणी त्याच्याकडे बघत नाहीये. डावा पंख आधी स्टॉल होतो, विमान क्षणात डावीकडे उलटतं आणि स्पिनमध्ये शिरतं. स्पिनमधून बाहेर कसं यायचं हे त्या पायलटला अगदी पाठ असेल. पाचशे फुटांत ते करायला जागा नसते. या वळणावर जगभर माणसं मेली आहेत आणि अजून मरतात. त्यांतल्या कितीजणांच्या रेकॉर्डमध्ये ‘क्लाइंब : चांगला’ असेल?

तो नवा इन्स्ट्रक्टर फळ्याकडे बघत राहिला. मग त्याने खडू घेतला आणि चेंडू स्वतः काढला, नळीच्या टोकाला. मी तेवढ्यावर थांबले.

माझ्या स्वतःच्या कामात मी दोन गोष्टी बदलल्या आणि दोन्ही अजून पाळते. क्लाइंबमध्ये, सुरक्षित उंची आली की, मी पाय मागे घेते आणि विद्यार्थ्याला सांगते की मी पाय मागे घेतले आहेत. आणि रेकॉर्डमध्ये ‘चांगला’, ‘ठीक’ असले शब्द लिहीत नाही. काय झालं ते लिहिते. “तीन क्लाइंबपैकी दोनदा चेंडू स्वतःहून मध्ये आणला, एकदा रेडिओवर बोलताना विसरला.” याला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत. पण हे वाक्य लिहायचं असेल तर हवेत बघावंच लागतं, आणि बघितलं की रात्रीच्या बेरजेला डोक्यात फारशी जागा उरत नाही. मला शिकवण्याची गोडी लागली ती अशी, आवड होती म्हणून नाही, बघायला लागले म्हणून. आधी बघणं आलं, मग गोडी.

गेल्या हंगामात एका मुलीला पहिल्या सोलोला सोडलं. तीन सर्किट बरोबर केली, चौथ्याआधी मी टॅक्सीवेवर दार उघडून उतरले, माझ्या रिकाम्या सीटचा पट्टा घट्ट बांधला, म्हणजे तो कंट्रोलमध्ये अडकणार नाही, आणि हातातला रेडिओ घेऊन गवतावर उभी राहिले. वारा चार-पाच नॉट, रनवेला किंचित आडवा. ती डाउनविंडवर, म्हणजे बेसच्या आधीच्या, रनवेला समांतर टप्प्यावर असताना विंडसॉक, वारा दाखवणारी कापडी नळी, जरा ताठ झाला. बेसवर वारा तिला पाठीमागून ढकलणार हे मला खालून दिसत होतं. रेडिओ माझ्या हातात होता. मी बटण दाबलं नाही. ती वळायला लागली, उशिराने, आणि रनवेची रेषा ओलांडून पलीकडे जाऊ लागली. जमिनीवरून चेंडू दिसत नाही. विमान लहान दिसतं, त्याचे पंख दिसतात, बस. गवतात माझा उजवा पाय टाचेपर्यंत रुतला होता, हे मला नंतर बूट बघून कळलं.

पंख सरळ झाले. इंजिनाचा आवाज वाढला. रेडिओवर तिचा आवाज आला, थोडा चिरका, पण शब्द पूर्ण : “गोइंग अराउंड.” म्हणजे न उतरता पुन्हा फेरी.

पुढच्या सर्किटला ती लवकर वळली आणि सेंटरलाइनवर टेकली. इंजिन बंद करून, सगळी स्विचेस एकेक बोट ठेवून बघून, ती उतरली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “वळताना चेंडू उजवीकडे निघाला होता, मॅडम. माझा डावा पाय आपोआप दाबला जात होता. म्हटलं, नको.”